टाकी येईपर्यंत

चाचांकडे गाडी नेली की ते आधी तिच्या इंजिन गार ठेवणाऱ्या टाकीतल्या पाण्याची चव बघायचे. खरंच सांगतो. झाकण उघडायचं, करंगळी बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची आणि बाजूला थुंकायचं. मग ते पाणी कुठलं ते सांगायचे. "हे नळाचं हाय." "हे नागोठण्याच्या बोअरचं, व्हय ना?" मी शाळेत जन्मभर गणित शिकवलं, विज्ञानाचा मास्तर रजेवर असला की त्याचाही तास घेतला. "चाचा, त्या पाण्यात कुलंट असतं, ते विषारी, एक दिवस मराल," असं मी त्यांना निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "गुरुजी, मी गिळतो कुठे?"

चाचा गेले त्याला आता दीड वर्ष झालं. विषाने नाही, वय झालं म्हणून गेले. रोह्यासमोर कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमी गावात, पुलावरून उतरल्यावर डाव्या हाताला त्यांचं गॅरेज होतं, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. रोह्यातल्या ज्या लोकांच्या गाड्या जुन्या होत्या ते सगळे चाचांना ओळखत होते. गाड्या नव्या झाल्या तसे लोक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायला लागले. मी शेवटपर्यंत चाचांकडेच गेलो, कारण माझी व्हॅन वीस वर्षांची होती आणि सर्व्हिस सेंटरवाले तिच्याकडे बघून हसायचे. हसलेलं मला खपत नाही.

गावात त्यांचं नाव पडलं होतं थांबचाचा. त्याला कारण होतं. गाडी आली की ते पुढच्या पत्र्यावर तळहात ठेवून नुसते उभे राहायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं, घड्याळ बघायचं, घाई असल्याचं सांगायचं. चाचा म्हणायचे, "थांब." पत्रा हाताला सोसवेल एवढा निवला की मगच झाकणाला हात. "गाडी तापलेली आसंल नायतर मानूस तापलेला आसंल, झाकन खोलायचं नाय," असं ते सांगायचे आणि हे सांगताना माझ्याकडे बघायचे. माझ्या रागाची कीर्ती पुलाच्या अलीकडे-पलीकडे सारखीच होती. शाळेतली मुलं मला मागून काय म्हणत ते मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही.

व्हॅन मी घेतली होती शेतावरचं भात घरी आणायला. पुढे कुसुमच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, किडन्या गेल्या आणि गाडीचं काम बदललं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रोह्याहून पेण. तिथे दवाखान्यात चार तास डायलिसिस, मग पेणहून रोहा. जाताना ती बसून यायची, पण येताना तिच्यात बसण्याचंही त्राण नसायचं. चाचांनी मधली सीट काढून टाकली, तिथे फळी ठोकली, फळीवर गादी घातली आणि धरायला खिडकीखाली एक दांडा बसवला. मी सांगितलं नव्हतं. एका शनिवारी त्यांनी कुसुमला सीटवर वाकडं पडलेलं बघितलं होतं, एवढंच.

ह्या रस्त्याने जे गेलेत त्यांना मी काय सांगू? रस्त्याचं काम तेव्हाही चालू होतं आणि अजून चालूच आहे. एक बाजू झाली की दुसरी खणायची. वडखळपाशी गाड्या तुंबायच्या, डोलवीला कंपनीची शिफ्ट सुटली की त्यात भर पडायची. चार वर्षं आम्ही आठवड्यातून तीनदा ते केलं. कुसुम कुरकुरायची नाही. कुरकुरायचं खातं माझ्याकडे होतं. समोरच्या ट्रकला, खड्ड्याला, दवाखान्यातल्या रांगेला, डॉक्टरला, सगळ्यांना मी बोलायचो, आणि ती मागे पडल्या पडल्या म्हणायची, "अहो, जाऊ दे ना." घरी पोचल्यावर मी इतका थकलेला असायचो की जेवून भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचो. आजारी ती होती, आणि दमायचो मी.

चाचांच्या गॅरेजात आलेल्याला आधी माठातलं पाणी मिळायचं, मग गाडीचं विचारलं जायचं. पहिल्यांदा त्यांनी कुसुमपुढे भरलेला पेला धरला तेव्हा तिने तो घेतला, मांडीवर धरून ठेवला आणि निघताना तसाच परत दिला. तिला दिवसाला तीन पेल्यांच्या वर पाणी चालायचं नाही, औषधाच्या गोळीबरोबरचं पाणीसुद्धा त्यातच मोजायचं. हे तिने त्यांना सांगितलं नाही. त्यांनीच मला बाजूला घेऊन विचारलं. त्यानंतर तिच्यासमोर त्या गॅरेजात कुणी पाणी प्यायलं नाही. आम्ही आलो की माठावर फडकं पडायचं, आणि चाचा स्वतः, तोंडाला कोरड पडली तरी, आम्ही पूल चढेपर्यंत थांबायचे.

एकदा रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. व्हॅनचा पंखा बंद पडला होता, चाचा खाली वाकून वायर शोधत होते आणि कुसुम स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "चाचा, तुमचा रोजा एक महिन्याचा. माझा कायमचा." मला वाटलं आता हे काहीतरी धर्माचं बोलतील, तिला बरं वाटेल असं. ते गाडीखालूनच म्हणाले, "भाभी, तहान लागली की बोलत राहायचं. गप बसलं की जास्त लागते." मग दोघं तासभर बोलत बसले. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नातली गडबड, कुसुमच्या माहेरचा फणस, कुंडलिकेला आलेला कुठलासा पूर. मी घड्याळ बघत होतो.

चाचांचं पाण्याचं वेड असं की टाकीत घालायला त्यांना साधं पाणी चालायचंच नाही. शेजारी बँक होती. तिच्या एसीचं पाणी मागच्या भिंतीवर नळीतून ठिबकायचं, तिथे चाचांनी कॅन लावून ठेवला होता. "ह्यात मीठ नाय, चुना नाय. बँकेतनं मला एवढंच मिळतं," म्हणायचे. त्या पाण्यात कुलंट मिसळून ते टाकीच्या खुणेपर्यंत भरायचे, वर एक थेंब नाही, खाली एक थेंब नाही. मला ताकीद होती. रस्त्यात काही झालं तर गाडीतलीच बाटली ओतायची, दुसरं पाणी घालायचं नाही, आणि पेणच्या बाजूचं तर मुळीच नाही. खारेपाटातलं, म्हणजे खाडीकाठच्या त्या पट्ट्यातलं, पाणी लोखंड खातं, हे त्या बाजूच्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मलाही माहीत होतं.

मुलगी पुण्याला असते. तिच्या घरापासून दहा मिनिटांवर चांगलं हॉस्पिटल होतं. "बाबा, आईचे हाल किती दिवस करणार?" असं ती प्रत्येक फोनवर म्हणायची. शेवटी मीच ठरवलं, रोह्याचं घर बंद करायचं आणि पुण्याला जायचं. कुसुमला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मी ते होकार म्हणून घेतलं. सामान बांधलं. शनिवारी पेणचं शेवटचं डायलिसिस करायचं आणि रविवारी सकाळी ताम्हिणीच्या घाटाने निघायचं, असा बेत. मुलगी गाडी पाठवते म्हणाली होती, पण फळी आणि गादी होती आमच्याच गाडीत, आणि दुसऱ्याच्या गाडीत कुसुमला वाकडं बसवून घाट चढवायला माझा जीव धजेना.

त्या शनिवारी परत येताना डोलवीपाशी अडकलो. दुपारची शिफ्ट सुटलेली, ऊन असं की पत्र्याला हात लावायची सोय नाही. पाऊण तास एका जागी. काटा लाल खुणेवर गेला आणि पुढून वाफ यायला लागली. मी उतरलो. तळहात ठेवायचा, थांबायचं, हे सगळं मला पाठ होतं. पण मागे कुसुम घामाने भिजून पडलेली, मागच्या टँकरवाल्याने भोंगा दाबून धरलेला, आणि माझं डोकं गाडीपेक्षा जास्त तापलेलं. फडकं घेतलं आणि झाकण फिरवलं. उकळतं पाणी मनगटावर आलं. मी बोंबललो, झाकण कुठेतरी उडालं, ते शोधलं, आणि गाडीतली बाटली संपल्यावर समोरच्या चहाच्या टपरीवरची बादली उचलली.

टपरीवरची बाई म्हणाली, "दादा, पानी खारं हाय ते."

"गाडीला काय चव कळते?" मी म्हणालो.

आणि ते गार, खारं पाणी तापलेल्या टाकीत ओतलं. प्लॅस्टिक जुनं, उन्हाने पिवळं पडलेलं. कडकन आवाज आला आणि टाकीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. तिथून अष्टमीपर्यंत आम्ही कसे आलो ते मला विचारू नका. दर दोन-तीन मैलांवर थांबायचं, गाडी निवू द्यायची, पाणी ओतायचं, पुन्हा निघायचं. कुसुम मागे दांडा धरून पडलेली.

चाचांनी तळहात ठेवला, थांबले, करंगळी बुडवली, थुंकले आणि माझ्याकडे बघितलं. "खारेपाटाचं," एवढंच म्हणाले. मग माझं मनगट बघून म्हणाले, "गुरुजी, आधी डाक्टरकडे जा. भाभी बसतील हितं." मी पुलापलीकडे जाऊन पट्टी बांधून आलो. त्याला अर्धा-पाऊण तास लागला असेल. परत आलो तेव्हा दोघं गप्प बसले होते. मला पाहून चाचा उठले आणि म्हणाले, "ह्या गाडीची टाकी आता बनत नाय. जुन्या मालात शोधायला लागंल. आठ दिस धरा."

"आठ दिवस? चाचा, उद्या आम्हाला निघायचंय!"

"आठ दिस, गुरुजी. तंवर घरी बसा. दवाखान्याला जायला आमच्या जावयाची गाडी हाय, तो सुट्टीवर आलाय दुबईहून. टाकी मी आनतो. तुमी भाभींजवळ बसा."

मी बसणारा माणूस नाही. रविवारी सकाळी मी हाताला पट्टी बांधलेली, खिशात फुटक्या टाकीचा फोटो आणि रोह्याहून पनवेलची रेल्वे पकडलेली. तिथे भंगारवाल्यांच्या ओळी आहेत. एकेका दुकानात जायचं, फोटो दाखवायचा, नकार ऐकायचा. सोमवारी पुन्हा तेच. मंगळवारी पेण. बुधवारी आणि शुक्रवारी पुन्हा पनवेल. एकदा जाताना जिते स्टेशनावर गाडी समोरून येणाऱ्या गाडीसाठी अर्धा तास उभी राहिली, तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर फेऱ्या घालत होतो आणि मनातल्या मनात चाचांना, रेल्वेला, टाकी बनवणाऱ्याला, सगळ्यांना झोडत होतो. रोज परतताना गॅरेजात डोकवायचो. चाचा रोज तेच म्हणायचे, "आली की सांगतो. तुमी कशाला फिरता? घरी बसा." मला वाटायचं, ह्या माणसाला घाई म्हणजे काय ते जन्मात कळलं नाही.

सकाळी मी चपला घालायला लागलो की कुसुम ओटीवर यायची. बांधलेल्या सामानातून तिने दोन खुर्च्या सोडवून बाहेर मांडल्या होत्या. "आजही जायचंय का?" असं विचारायची. एकदा मी म्हणालो, "मग काय करू? टाकी चालत येणार आहे का दारात?" ती हसली आणि म्हणाली, "येईल हो. आज राहा ना." मी गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा ती एका खुर्चीत बसलेली होती आणि दुसऱ्या खुर्चीवर तिने निवडलेल्या भाजीचं ताट ठेवलं होतं.

दुसऱ्या रविवारी मी पनवेलहून हात हलवत परत आलो आणि तडक अष्टमीला गेलो. चाचा नमाजाला गेले होते. मी आत शिरून स्टुलावर बसलो. समोरच्या फळीवर ऑइलचे डबे, आणि डब्यांमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. कागदाच्या कोपऱ्यातून पांढरं प्लॅस्टिक दिसत होतं. मी ते ओढलं. टाकी. आमच्याच गाडीला बसणारी, जुनी पण धड, आतून बाहेरून धुतलेली. वर्तमानपत्र मंगळवारचं होतं.

चाचा आले तेव्हा मी गॅरेजच्या दारात उभा होतो. पुढे मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्याची माझी हिंमत नाही. खोटारडे म्हणालो. माझी बायको तिकडे झिजतेय आणि तुम्ही खेळ करताय म्हणालो. गल्ली जमा झाली. 'तुम्ही लोक' असा शब्दही माझ्या तोंडून गेला. कुठले लोक ते मी बोललो नाही, पण जमलेल्या प्रत्येकाला ते कळलं, आणि चाचांनाही. वीस वर्षं मी त्या माठातलं पाणी प्यायलो होतो. त्याची लाज मला आज ह्या घडीलाही वाटते.

"थांबा, गुरुजी," एवढंच ते म्हणाले. माझ्या हातातली टाकी घेतली, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि कामाला लागले. तासभर मी पाठ करून उभा होतो. त्यांनी जुनी टाकी सोडवली, नळ्या साफ केल्या, खाऱ्या पाण्याचा थर निघून जाईपर्यंत तीनदा सगळं धुतलं, नवीन टाकी बसवली, क्लिपा आवळल्या, बँकेचं पाणी आणि कुलंट मिसळून खुणेपर्यंत भरलं. मग गाडी चालू करून पाण्यातले बुडबुडे थांबेपर्यंत उभे राहिले, नेहमीसारखे, घाई न करता. मी गाडीत बसलो तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "घाटात मधे एकदा थांबा. गाडी निवंल आनि भाभींना जरा बाहेर बघू द्या." मी काच वर केली. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो आणि घाटात थांबलो नाही.

पुण्यात कुसुम पाच महिने होती. हॉस्पिटल खरंच जवळ होतं, रस्ते चांगले होते आणि माझी चिडायची कारणं एकेक करून संपत गेली. जायच्या दोन दिवस आधी तिने मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता. "चाचांवर राग धरू नका. टाकी ठेवून द्या असं मीच त्यांना सांगितलं होतं." मी म्हणालो, "का पण?" तिने मान हलवली आणि डोळे मिटले. मी पुन्हा विचारलं नाही. थांबायला हवं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि तेव्हा वेळ उरली नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर महिन्याने मी व्हॅन घेऊन रोह्याला आलो. घर उघडायच्या आधी पूल ओलांडला. चाचा थकले होते, गॅरेजात काम फारसं नव्हतं. गाडी ओळखून ते उठले. पुढच्या पत्र्यावर तळहात ठेवला. मी काही बोलायला गेलो तर म्हणाले, "थांबा." पत्रा निवेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो. मग त्यांनी झाकण उघडलं, करंगळी बुडवली, थुंकले. "तुमी कायतरी साधं पानी घातलंय पुन्यात. पन खारं नाय." नंतर त्यांनी बाजूचं दार सरकवून आत बघितलं. फळीवर गादी नव्हती. त्यांनी दांड्यावरून एकदा हात फिरवला आणि दार हळूच लावून घेतलं. मला काही सांगावं लागलं नाही.

त्यांनी माठावरून पेला भरून आणला. मी प्यायलो. पेला हातात धरूनच म्हणालो, "चाचा, त्या दिवशी मी जे बोललो..."

"सोडा ते."

"तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत? सगळ्या गल्लीसमोर ऐकून घेतलंत."

"भाभी बोलल्या हुत्या, यांना सांगू नका. मग मी कसं सांगनार?"

"पण तिने आठ दिवस मागितले कशाला? जायचं नव्हतं का तिला पुण्याला?"

चाचांनी माझ्या हातातून पेला घेतला आणि माठाशेजारी उपडा ठेवला. मग म्हणाले, "जायला त्यांची ना नव्हती. त्या बोलल्या, चार वरसं हे नुसते गाडी चालवतायत. गाडी नसली की घरात बसतील. दवाखान्याचे दिस सोडून पाच दिस तरी बसतील माझ्यापाशी."

ते पाचही दिवस मी पनवेलला टाकी शोधत होतो.